वाचकांचे प्रश्न : घरी येतं, पेपरात का आठवत नाही?

प्रश्न : मुलगी दहावीला आहे. विज्ञानाचा धडा चार-चार वेळा वाचते, विचारलं की "येतं मला" म्हणते. घटक चाचणीत मात्र अर्धी उत्तरं कोरी. लक्ष कमी पडतंय का?
— एक पालक, महाल, नागपूर

उत्तर : लक्षाला दोष देऊ नका. चौथ्या वाचनात मजकूर ओळखीचा झालेला असतो आणि त्यामुळेच तो येतो असं वाटतं. पेपरात पुस्तक मिटलेलं असतं. तिथे डोक्यातून काढावं लागतं, आणि त्याचा सराव एकदाही झालेला नसतो.

अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये हे तपासलं. एका गटाने चारही सत्रं उतारा वाचला. दुसऱ्याने एक सत्र वाचून तीनदा न बघता लिहिला. पाच मिनिटांनी वाचणारे पुढे होते. आठवड्याने वाचणाऱ्यांना सुमारे ४० टक्के आठवलं, लिहिणाऱ्यांना ६१. आदल्या रात्रीची उजळणी छान झाल्यासारखी वाटते ती यामुळेच.

आता कृती. अख्खा धडा नको. 'विद्युतधारेचे परिणाम'मधला विद्युत चलित्राचा (मोटरचा) भागच घ्या. समजेपर्यंत वाचू द्या. मग पुस्तक मिटून पंधरा मिनिटं दुसरं काही, कारण लगेच लिहिलं तर ताज्या वाचनाचाच प्रतिध्वनी उतरतो. नंतर कोऱ्या पानावर आकृती, भागांची नावं, कार्य. दहा मिनिटं पुरतात. अडलं की मुलं पान उघडून डोकावतात, आणि सगळी मेहनत तिथेच वाया जाते. निदान मिनिटभर झगडू द्या. तुम्हीही पहिला शब्द पुरवू नका.

त्याच बैठकीत लाल पेनने तपासायचं. फ्लेमिंगच्या डाव्या हाताच्या नियमात तर्जनी चुंबकीय क्षेत्राची, मधलं बोट विद्युतधारेचं. ही दोन हमखास उलटी होतात. न तपासलेली चूक पुढच्या वेळी अधिक ठामपणे लिहिली जाते. निम्म्याहून कमी आठवलं, तर तो भाग बहुधा मुळात समजलेलाच नाही. आधी तो पुन्हा वाचा.

पुढची फेरी दुसऱ्या दिवशी, मग चार दिवसांनी, मग आठवडा-दहा दिवसांनी. एकदा बरोबर आलेला प्रश्न यादीतून काढायचा मोह होतो. काढू नका, फक्त अंतर वाढवा.

प्रश्न : एमपीएससीसाठी कार्डं (एका बाजूला प्रश्न, मागे उत्तर) बनवली, पण तारखा गोंधळतातच.
— एक उमेदवार, सीताबर्डी

उत्तर : बहुधा एका कार्डावर फार कोंबलंय. 'नागपूर करार' (विदर्भ महाराष्ट्रात येण्यासाठी नेत्यांमध्ये झालेला) असं शीर्षक आणि खाली आठ ओळी, हे कार्ड नव्हे, नोट्सच झाल्या. एका कार्डावर एकच प्रश्न : करार कधी झाला? (२८ सप्टेंबर १९५३.) विधिमंडळाचं एक अधिवेशन दरवर्षी नागपुरात का भरतं, हे वेगळं कार्ड. तारखेवरून घटना विचारणारं उलटं कार्डही करा. पेपरात प्रश्न दोन्ही बाजूंनी येतो. गोंधळणाऱ्या दोन तारखा मुद्दाम एकाच फेरीत ठेवा, नाहीतर फरक करायची वेळच येत नाही. उत्तर मोठ्याने बोलून किंवा लिहून मगच कार्ड उलटा. मनातल्या मनात "हो, माहितीये" म्हटलेलं धरू नका. चुकलेलं कार्ड उद्याच्या गठ्ठ्यात, बरोबर आलेलं तीन दिवसांनंतरच्या.