चंदाचा खरारा अजून खुंटीवर आहे

‘ताई, मी पुण्याची, निवृत्त शिक्षिका. शर्यतीतून बाद झालेल्या घोड्यांना सांभाळणाऱ्या एका ठिकाणी सहा वर्षं दर रविवारी जात होते. तिथली चंदा नावाची 23 वर्षांची घोडी मी दत्तक घेतली होती. श्रावणात तिला पोटशूळ उठला. आतड्याला पीळ पडलाय, हाल थांबवायचे का, असं डॉक्टरांनी विचारलं. मी हो म्हटलं. तेव्हापासून झोप नाही. मुलगा म्हणतो, “बाबा गेले तेव्हा तू इतकी रडली नव्हतीस.” तिच्या सोबतीचा पांढरा घोडा फाटकाशी उभा राहून खिंकाळतो म्हणे. मला तिकडे पाऊल टाकवत नाही. तिच्या नावाने संगमरवरी समाधी बांधावी असं मनात आहे. माझं काही चुकतंय का?’

ताई, तुमचा तो ‘हो’ आधी घेते. बाकीचं सगळं त्याच्याच ओझ्याखाली दबलंय.

घोड्याला उलटी होत नाही. अन्ननलिका जठराला मिळते तिथला स्नायू इतका घट्ट असतो की आत गेलेलं परत वर येतच नाही. त्यात आतड्याला पीळ बसला की तिथला रक्तपुरवठा तुटतो आणि आतडं सडायला लागतं. चालवून, औषध पाजून तो पीळ सुटत नाही. उरते ती मोठी शस्त्रक्रिया, आणि 23 वर्षांच्या घोडीला त्यातून उठवणं फार कठीण. तिने अंग जमिनीवर टाकलं होतं, पोटाकडे मान वळवून वळवून बघत होती, असं तुम्हीच लिहिलंय. त्या वेळी नाही म्हणणं सोपं होतं, कारण पुढचं तिने सोसलं असतं. तुम्ही हो म्हणालात आणि सोसणं स्वतःकडे घेतलंत. मी तिथे असते तर मीही हेच म्हटलं असतं.

आता मुलाचं बोलणं. ते लागलंच असणार. पण त्याला एवढं सांगा: बाबा गेले तेव्हा घर माणसांनी भरलं होतं. शेजारणी पिठलं-भात घेऊन आल्या, दहावं झालं, तेरावं झालं, लोक येऊन बसले, बोलले. चंदा गेली तेव्हा तुमच्या दाराशी कोण आलं? सोमवारी सकाळी दूधवाल्याशी हिशेब करताना तुम्ही काय सांगणार होतात? कुणापाशी बोलता आलं नाही, ते आता डोळ्यांतून वाहतंय. यात नवऱ्यावरची माया कमी ठरत नाही.

माझे आजोबा साताऱ्याला टांगा हाकायचे. त्यांचा घोडा गेला तेव्हा मी आठ वर्षांची होते. आजोबा रडलेले मला आठवत नाहीत. पण दाणा चारायचा रिकामा तोबरा वर्षभर खुंटीला होता, आणि कुणी त्याला हात लावला की ते उठून बाहेर जायचे. एकाही माणसाने त्यांना ‘वाईट झालं’ म्हटलं नाही. म्हणून मी तुम्हाला म्हणते. वाईट झालं हो, ताई.

समाधीचं म्हणाल तर बांधा, पण लहान. नाव कोरलेला एक दगड पुरे. चंदा दोनच शर्यती जिंकली, तिला कोण लक्षात ठेवणार, असं तुम्ही लिहिता. 1943 साली पहिली इंडियन डर्बी प्रिन्सेस ब्युटिफुल या घोडीने जिंकली, ते नाव नोंदीत राहिलं. चंदाची नोंद तुमच्याकडे आहे. टिळ्याखालचा भोवरा, गूळ दिसला की खालचा ओठ लांबवणं, उजवा कान आधी वळणं. हे एका वहीत लिहून काढा, आजच. बारीकसारीक गोष्टी फार लवकर पुसट होतात.

संगमरवराचे उरलेले पैसे तिथल्या म्हाताऱ्यांच्या दाण्यागोट्याला द्या. दात झिजलेल्या घोड्याला गवत चावता येत नाही, अर्धवट चघळलेला बोळा तोंडातून खाली पडतो आणि पोट रिकामंच राहतं. त्यांना भिजवून मऊ केलेलं खाणं लागतं, तेही दिवसातून तीन-चारदा. आणि वर्षश्राद्धासारखा एखादा दिवस हवा असेल तर 1 जानेवारी धरा. आपल्याकडे शर्यतीच्या घोड्यांचं वय त्याच दिवशी एका वर्षाने वाढतं, जन्म कधीचाही असो. पाटीभर गाजरं न्या आणि सगळ्यांना वाटा.

राहिला तो पांढरा. मला खरी काळजी त्याची आहे. तुमच्याशी चार शब्द बोलायला आता मी तरी आहे, त्याला कोण आहे? घोडे जोडीने उभे राहतात, एकमेकांची मान दातांनी खाजवतात. आयाळ संपते तिथे, मानेच्या मुळाशी खाजवलं की घोड्याच्या हृदयाचे ठोके मंदावतात, हे संशोधकांनी मोजून पाहिलंय. त्याची ती जागा चंदा खाजवायची. आता कुणीच खाजवत नाही.

या रविवारी जा. चंदाचं अंग घासायचा खरारा खुंटीवर असेल, त्यात तिचे तपकिरी केस अडकलेले असतील. ते हलक्या हाताने काढून रुमालात बांधा. मग तोच खरारा त्याच्या मानेला लावा. तो आधी तुमच्या मागे बघेल, ती आली का म्हणून. त्याला बघू द्या. तुम्ही तिथेच उभ्या राहा.