यंत्रांची विचारपूस : लायनर मिळेल, पण आधी विहिरीचं पाणी बघा

प्रश्न : काका, नमस्कार. आमचं गाव राजापूर तालुक्यात, खाडीच्या काठाला. कोकण रेल्वेचं काम संपल्यावर एका ठेकेदाराने मशिनं विकायला काढली, तेव्हा १९९९ साली बाबांनी त्याच्याकडून बीईएमएलचा (भारत अर्थ मूव्हर्सचा) डी ५० डोझर घेतला. काजू-आंब्याच्या बागांसाठी उतारावर मजग्या (पायऱ्यांसारखे सपाट पट्टे) काढायच्या, सड्यावर रस्ता पाडायचा, अशी कामं त्याने वीस वर्षं केली. गेल्या मे महिन्यात इंजिनातलं ऑइल दुधाच्या चहासारखं झालं. फिटरने हेड, म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण, उतरवलं. तिसरा लायनर (पिस्टन ज्यात वरखाली होतो ती नळी) काढला तर त्याला बाहेरून भोकं. प्लेटवर ‘४ डी १२०’ एवढं वाचता येतं. फिटर म्हणतो याचा माल आता येत नाही, ट्रकचं इंजिन बसवूया. मी शहरातल्या एका दुकानातून फोनवर लायनर-पिस्टनचा सेट मागवला. तो आला, पण लायनरची कॉलर, म्हणजे वरची कडा, जाड आहे, ब्लॉकमध्ये पूर्ण खाली बसत नाही. दुकानदार परत घेत नाही. भंगारवाला किलोने मागतोय. आई म्हणते देऊन टाक. बाबा आता नाहीत. काय करू?

उत्तर : भंगारवाल्याला चहा पाजा आणि जाऊ द्या. मशिनाला काही झालेलं नाही, एका लायनरला झालंय. पण त्याआधी एक काम आजच करा. हेड उतरवलेला ब्लॉक मे महिन्यापासून उघडा असेल आणि वर नुसती पोत्याची गोणी टाकलेली असेल, तर आपल्या हवेत बाकीचे तीन लायनर आतून तांबूस व्हायला एक पावसाळा पुरे. भिंतींना हाताने भरपूर ऑइल फासा, वर प्लॅस्टिक, त्यावर फळी, त्यावर ताडपत्री. क्रँकच्या (पिस्टन ज्याला फिरवतात त्या दांड्याच्या) जागाही कोरड्या ठेवू नका.

आता तुमच्या दुकानदाराविषयी. त्याने माल परत घ्यायला हवा होता हे खरं, पण तुम्ही फोनवर काय सांगितलंत? ‘डी ५० चा लायनर.’ अहो, डी ५० हे मशिनाचं नाव आहे, इंजिनाचं नाही. त्या नावाखाली वेगवेगळ्या वर्षी वेगवेगळी इंजिनं आली. बीईएमएल १९६४ साली बेंगळुरूला सुरू झाली आणि हे डोझर तिने जपानच्या कोमात्सुच्या आराखड्यावर बनवले, म्हणून नावं ठेवायची पद्धतही कोमात्सुचीच. ‘४ डी १२०’ म्हणजे चार सिलिंडर, डिझेल, आणि सिलिंडरचा आतला व्यास १२० मिलिमीटर. त्याच्यापुढे एक आडवी रेघ आणि आणखी एक आकडा असतो, तुमच्या प्लेटवर तो झिजला असणार. तो आकडा म्हणजे इंजिनाची पिढी. ‘४ डी १३०’ हे दिसायला भावासारखं, पण त्याचं सिलिंडर १० मिलिमीटरने मोठं. तुम्हाला आलेला लायनर आधी आतून मोजा. १३० भरला तर तो तुमच्या कामाचा नाही, विषय संपला. १२० भरला तर मात्र अजून आशा आहे, त्याचं पुढे सांगतो.

प्लेट रॉकेलने आणि ब्रशने साफ करा, सँडपेपर लावू नका, उठावाचे आकडे कायमचे जातात. वाचता येत नसेल तर त्यावर कागद ठेवून पेन्सिल आडवी फिरवा, शाळेत नाण्याचा ठसा काढायचो तसा. माझ्या गोव्यातल्या डिचोलीच्या दिवसांत, खाणीवर डोझर फिटर होतो तेव्हा, आमचे साहेब अशा कागदांची फाईल ठेवत. त्या फाईलवर आम्ही हसायचो. पुढे माझं स्वतःचं गॅरेज झालं तेव्हा मीही तशीच फाईल केली. इंजिनाचा सिरियल नंबर ब्लॉकवरही ठोकलेला असतो, तो मशिनाच्या नंबराहून वेगळा असतो, दोन्ही लिहून घ्या. कोमात्सुच्या मालाचा नंबर चार आकडे, रेघ, दोन आकडे, रेघ, चार आकडे असा असतो. पार्ट्स बुकात तुमच्या सिरियलसमोरचा नंबर मिळाला की त्यानंतर कोणी ‘चालेल हो, तोच आहे’ म्हणाला तरी ऐकायचं नाही.

नंबर नाहीच मिळाला तर जुना लायनर हेच तुमचं पार्ट्स बुक. भोकं पडलेला आहे म्हणून फेकू नका. व्हर्नियर घ्या आणि मोजा: आतला व्यास जिथे पिस्टनच्या रिंगा फिरत नाहीत त्या अगदी खालच्या टोकाला, पूर्ण लांबी, कॉलरचा व्यास, कॉलरची जाडी, कॉलरच्या खाली ब्लॉकमध्ये बसणारा वरचा पट्टा, रबरी रिंगांच्या जागेचा खालचा पट्टा, आणि रिंगांच्या खाचा किती व टोकापासून किती अंतरावर. पिस्टनचं एक माप लोक हमखास विसरतात, पिनेच्या मध्यापासून डोक्यापर्यंतची उंची. ते दोन मिलिमीटर चुकलं तर एकतर पिस्टन हेडला जाऊन आपटेल, नाहीतर दाब बनणार नाही आणि गाडी सकाळी स्टार्टच होणार नाही.

या मापांनी आलेला सेट तपासा. बाकी सगळं जुळत असेल आणि फक्त कॉलर जाड असेल, तर चांगल्या लेथवर ती उतरवता येते. पण पूर्ण सपाट करू नका. लायनरची कॉलर ब्लॉकच्या पृष्ठभागापेक्षा केसभर वर राहिली पाहिजे, तरच हेड गॅसकेट तिच्यावर दाबून बसते. किती वर, ते पुस्तकात मिळालं तर पुस्तकाप्रमाणे, नाहीतर तुमच्या न काढलेल्या एक, दोन, चार नंबरच्या लायनरवर डायल गेज लावून मोजा आणि तेवढीच ठेवा. चारही सारख्या राहिल्या पाहिजेत.

पण मला खरं बोलायचंय ते त्या भोकांबद्दल. तुम्ही पाठवलेला फोटो मी तीनदा बघितला. भोकं एकाच रेषेत, लायनरच्या एकाच बाजूला, उभी खाली उतरलेली असतील तर ती पिस्टनच्या धक्क्याने पडतात. पिस्टन ज्या बाजूला रेलतो तिकडे लायनर थरथरतो, भोवतीच्या रेडिएटरच्या पाण्यात बारीक बुडबुडे होतात, फुटतात आणि लोखंड कोरत जातात. भुंग्याने पोखरलेला वासा बघा, तसा दिसतो तो लायनर, बाहेरून टाचणीएवढं भोक आणि आत पोकळ. तुमच्या लायनरला तसं आहेच. पण त्याशिवाय तळाशी रबरी रिंगांच्या वर चौफेर गंजाची खपली आहे, चमच्याने निघेल अशी. ते बुडबुड्यांचं काम नाही, ते मिठाचं. रेडिएटरमध्ये पाणी कुठलं घालता? खाडीकाठच्या विहिरींचं पाणी एप्रिल-मेमध्ये मचूळ होतं हे तुमच्या आईलाही ठाऊक असेल, तिची डाळ शिजत नाही त्या पाण्यात. जे पाणी डाळ शिजवत नाही ते वीस वर्षं तुमच्या लायनरला पाजलंत. उद्या कोमात्सुचा जपानहून आलेला लायनर बसवलात तरी त्याच पाण्याने पुन्हा भोकं पडणार.

पाण्यावर उपाय कोकणात फुकट आहे. जूनमध्ये पहिल्या दोन-चार सरींनी छप्पर धुऊन गेलं की पागोळ्यांचं पाणी स्वच्छ पिंपात धरा, फडक्यातून गाळा, आणि डब्यावर लिहिलेल्या प्रमाणात कूलंट मिसळा. गंजरोधक असलेलं कूलंट घ्या, नुसतं हिरवं दिसणारं नको. लायनर बसवण्याआधी ब्लॉकच्या पाण्याच्या जागेतला गाळ खरवडून काढा. मागच्या सिलिंडरभोवती लाल चिखलासारखा थर नसेल तर मला कळवा, मी आश्चर्य करीन.

आणखी एक. ऑइलमध्ये पाणी गेलं ते लायनरमधूनच गेलं असं तुमच्या फिटरने धरून चाललंय. तिसऱ्यातून गेलं हे दिसतंच आहे, पण बाकी तिघांच्या तळाच्या रबरी रिंगा कशा आहेत? ऑइल कूलर तपासला? सम्प, म्हणजे तळाचं ऑइलचं भांडं, उतरवलेला असेल तर सोपं आहे. तिसऱ्या जागेत लायनर बसवून झाल्यावर हेड न लावता ब्लॉकमध्ये वरपर्यंत पाणी भरा, रात्रभर ठेवा आणि सकाळी खाली झोपून टॉर्चने वर बघा. थेंब कुठून सुटतोय ते डोळ्यांना दिसतं. ऑइल कूलर वेगळा काढून हवेच्या दाबाने पाण्यात बुडवून बघा, सायकलच्या ट्यूबसारखा. रबरी रिंगा बसवताना साबणाचं पाणी लावा, ग्रीस नको.

तेवढ्यात दोन बिग एंडच्या (कनेक्टिंग रॉडच्या क्रँककडच्या टोकाच्या) कॅपही उघडा. पाणी मिसळलेल्या ऑइलवर मशीन किती तास चाललं ते कोणी सांगत नाही, बेअरिंग सांगतं. शेलच्या, म्हणजे बेअरिंगच्या अर्धगोल पट्टीच्या, पाठीवर शिक्का बघा. ०.२५ किंवा ०.५० असेल तर क्रँक आधीच घासलेला आहे, नवे शेल त्याच मापाचे हवेत. हे न बघता ‘स्टँडर्ड’ मागवणारे मी ढिगाने बघितलेत.

माल कुठे मिळेल? आधी कंपनीच्या सुट्या भागांच्या विभागाला इंजिनाच्या सिरियल नंबरासकट पत्र लिहा, नाही म्हणाले तरी नवा पर्यायी नंबर सांगतात. मग अणुस्कुरा घाट चढून कोल्हापूर. शिवाजी उद्यमनगरात फिरा, जुना लायनर पिशवीत घेऊन. फोनवर नको. तिथे ओतकाम आणि लेथ दोन्ही हाताशी आहेत, नमुन्यावरून लायनर बनवून देणारे आहेत. पिस्टन बनवणं वेगळं, ते राजकोटकडून येतात, पण तुमचे चार पिस्टन जुने असले तरी मापात असतील तर त्यांना हात लावू नका, लायनर पिस्टनच्या मापाने करून घ्या. ऑइल सील आणि बॉल बेअरिंगसाठी मात्र कंपनीच्या नावाने भटकू नका. ६३०८ लिहिलेलं बेअरिंग जगात कुठेही ४० मिलिमीटरच्या शाफ्टवरच बसतं. सीलवर आतलं माप, बाहेरचं माप, जाडी छापलेली असते. मुंबईत नागदेवीला अर्ध्या तासात काम होतं. आणि दक्षिणेला गोवा विसरू नका. २०१२ साली खाणी थांबल्या, सुरू झाल्या आणि २०१८ ला पुन्हा थांबल्या, तेव्हा डिचोली-साखळीकडे उभी राहिलेली मशिनं नंतर सुट्या भागांत विकली गेली. तिथून हेड किंवा क्रँक घेताना पैसे देण्याआधी तिथल्याच मशीन शॉपमध्ये तडा तपासून घ्या.

ट्रकचं इंजिन मात्र नको. हे मी ऐकीव सांगत नाही. गॅरेज काढल्यावर तिसऱ्या की चौथ्या वर्षी मी कणकवलीकडच्या एका डोझरला ट्रकचं इंजिन बसवलं. बेलहाउसिंगसाठी (इंजिन गिअरबॉक्सला जोडतात त्या घरासाठी) जाड प्लेट कापली, माउंटिंग केलं, रंग दिला, गावाने नारळ फोडला. सपाटीवर झकास चाललं. मग मालक ते काजूच्या डोंगरावर घेऊन गेला, नाक वर करून तासभर माती ढकलत होता. ट्रकचा सम्प सपाट रस्त्यासाठी असतो. ऑइल मागे सरकलं, गाळणी उघडी पडली, पंपाने हवा ओढली. संध्याकाळी मला बोलावलं तेव्हा क्रँक निळा पडला होता. डोझर कमी फेऱ्यांत, जड फ्लायव्हीलवर जोर करतो आणि ट्रक जास्त फेऱ्यांत, हाही फरक आहेच, पण मला त्या संध्याकाळी सम्पनेच धडा दिला. त्या मालकाचे पैसे मी हप्त्याने परत केले.

प्रश्न : माझ्या सासऱ्यांचं जुनं चेनचं मशीन गुहागर तालुक्यात समुद्रापासून अर्ध्या किलोमीटरवर, पत्र्याच्या शेडमध्ये सहा वर्षं उभं आहे. इंजिन फिरत नाही. सेल्फ मारल्यावर नुसता ‘टक’ आवाज. नवरा म्हणतो दुसऱ्या गाडीने ओढून स्टार्ट करूया.

उत्तर : ताई, यजमानांना आधी थांबवा. ओढलंत तर जिथे गंजलंय तिथे पिस्टनच्या रिंगा मोडतील, नाहीतर कनेक्टिंग रॉड वाकेल, आणि मग आजचं पाचशेचं काम लाखाचं होईल. डिझेल फवारणारे सगळे नोझल काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये वाटीभर डिझेल आणि पातळ ऑइल मिसळून ओता, आठवडाभर ठेवा, रोज थोडं घालत राहा. मग फ्लायव्हीलला पहारीने हळूच पुढे-मागे हलवा, एक बोटभर सुटलं तरी त्या दिवशी पुरे. सुटल्यावर नोझलच्या भोकांतून सगळं बाहेर उडेपर्यंत हाताने फिरवा, समोर कोणी उभं राहू नका.

त्याहून मोठी भीती डिझेल पंपाची आहे. इतकी वर्षं उभ्या मशिनाच्या पंपाचा रॅक (डिझेल कमी-जास्त करणारी दांडी) अडकतो, आणि तो उघड्या जागी अडकला असेल तर इंजिन सुरू झाल्यावर थांबतच नाही, आवाज चढत जातो, चावी बंद करून उपयोग नसतो. पंपाचं बाजूचं झाकण उघडून रॅक बोटाने सरकतो का बघा. सरकला तरी पहिल्या स्टार्टला एअर क्लीनर काढून ठेवा आणि हवेच्या तोंडावर पूर्ण बसेल अशी लाकडी फळी घेऊन एक माणूस शेजारी उभा करा. कापड नको, आत ओढलं जातं. आवाज चढला की विचारायचं नाही, फळी दाबायची.