विचारा, सांगते : फोन घरी, आपण रतनवाडीला

प्रश्न : ताई, भाऊबीज उरकली की चार दिवस कुठेतरी डोंगरात जायचं ठरवलंय. मोबाइल, टॅब, टीव्ही काहीही नको असं मी जेवताना जाहीर करून बसले. आम्ही पाच जण : मी, नवरा, चौदा वर्षांचा मुलगा, आठ वर्षांची मुलगी आणि सासूबाई. त्यांचे गुडघे दुखतात. मुलगा म्हणतो, "मग मी येतच नाही." नवरा म्हणतो, "ऑफिसचा फोन आला तर?" सासूबाई काही बोलत नाहीत, पण त्यांची साडेसातची मालिका असते. आता घोषणा मागे घ्यावीशी वाटतेय. जायचं कुठे आणि दिवसभर करायचं काय?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : घोषणा मागे घेऊ नका, थोडी दुरुस्ती करा. पोरांचा फोन जायच्या आधी तुमचा आणि नवऱ्याचा फोन डब्यात गेला पाहिजे, तोही त्यांच्यादेखत. हे मी अनुभवाने सांगते. काही वर्षांपूर्वी आम्ही सात जण असेच गेलो होतो. दुसऱ्या रात्री भाचा धावत आला, "मावशी, गोठ्यामागे निळं काहीतरी चमकतंय." मला वाटलं, काजवा असेल. पण नोव्हेंबरात कुठला काजवा? तिथे आमचे हे उकिडवे बसून क्रिकेटचा स्कोअर बघत होते, आणि बाजूला म्हैस त्यांच्याकडे बघत होती. त्यानंतर पोरांना काही सांगायची सोय उरली नाही.

जागा म्हणाल तर भंडारदरा धरणाच्या जलाशयामागचं रतनवाडी गाव. तुम्हाला सोयीचं आहे. डोंबिवलीहून कसारा लोकल, पुढे जीपने इगतपुरी, घोटी, बारीवरून शेंडी, आणि तिथून धरणाच्या कडेकडेने रतनवाडी. गाडी थेट गावात जाते, म्हणून सासूबाईंची काळजी नको. गावात घरगुती राहायची-जेवायची सोय होते. नागलीची भाकरी, पिठलं, ठेचा, वाफाळता भात. आधी फोन करून ठरवा आणि पत्ता वहीत लिहून घ्या.

"तिथे रेंज नसते ना?" असं मला पुष्कळजण विचारतात. त्या भरवशावर जाऊ नका. टॉवर येतच असतात. आणि रेंज नसली तरी आधीच उतरवून ठेवलेल्या मालिका आणि गेम कुठे थांबतात?

आता खरी तयारी. मोबाइल काढून घेतला की घरातून एकदम सात-आठ वस्तू जातात : घड्याळ, गजर, विजेरी, पाकीट, नकाशा, कॅमेरा, फोनची डायरी. प्रत्येकाला पर्याय हातात नसेल तर पहिल्याच सकाळी कुणीतरी "फक्त वेळ बघतो" म्हणून डबा उघडणार. आम्ही गजराचं घड्याळ विसरलो होतो. सूर्योदय बघायला निघालेली मंडळी नऊला उठली. तेव्हा एक टेबलघड्याळ घ्या, दोन विजेऱ्या घ्या आणि रोख पैसे घ्या, तेही सुटे. सगळीकडे क्यूआर कोड असला तरी तुमच्याकडे तो वाचायला काही नसणार, आणि पन्नास रुपयांच्या काकड्यांना पाचशेची नोट दिली की बाई तुमच्याकडेच बघत राहते. पैसे घरूनच काढा, फार तर घोटीला. पुढे एटीएम शोधत फिरू नका.

साधा बटणांचा एक फोन मात्र बरोबर असू द्या. म्हातारं माणूस आणि लहान मूल सोबत असताना तत्त्वासाठी तोही सोडणं मला पटत नाही. त्यात पाच नंबर, शिवाय ११२ आणि रुग्णवाहिकेचा १०८. तुमच्या नवऱ्याच्या ऑफिसचं उत्तरही ह्याच फोनात आहे. रोज सकाळी नऊला अंगणात, सगळ्यांसमोर उभं राहून एक फोन. अंगणात उभं राहून बोललं की बोलणं आपोआप आटोपतं.

मुलाचं बघू. चौदा वर्षांच्या मुलाला "निसर्ग बघ" म्हटलं की तो झोपतो. त्याला काम द्या. सर्व्हे ऑफ इंडियाचा १:५०,००० प्रमाणाचा नकाशा संकेतस्थळावरून उतरवून मोठ्या कागदावर छापून आणा आणि त्याच्या हवाली करा. ह्या नकाशावर २ सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचा १ किलोमीटर. तपकिरी रेषा समोच्चतेच्या, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या. एका रेषेवरून दुसरीवर गेलात की २० मीटर चढलात. रेषा लांब लांब असल्या तर चाल सोपी, एकमेकींना चिकटल्या की समोर कडा आहे समजायचं. मी एकतीस वर्षं भूगोल शिकवला, फळ्यावर समोच्च रेषा शेकडो वेळा काढल्या. पोरांना त्या कळल्या असतील असं मला कधी वाटलं नाही. पण भाच्याने गावाजवळच्या रतनगड किल्ल्याचा कातळ आणि कागदावरचा तो तपकिरी गुंता आळीपाळीने बघितला आणि म्हणाला, "म्हणजे इथे रेषा मावत नाहीयेत." माझी एकतीस वर्षं वसूल झाली.

त्याच नकाशावर प्रवरा शोधायला लावा. ती रतनगडाच्या अंगावरच उगम पावते, भंडारदऱ्याच्या धरणात अडते आणि पुढे प्रवरासंगमाला गोदावरीला मिळते. १९२६ साली पुरं झालेलं हे धरण. खाली संगमनेर-श्रीरामपूरकडचा ऊस ह्याच पाण्यावर. गावातल्या अमृतेश्वराच्या दगडी देवळाजवळ पुष्करणी आहे. सासूबाईंना तिथे पायऱ्यांवर बसवा, तुम्ही पाण्याकडे फिरून या. देवळाच्या भिंतींवरचं कोरीव काम बघताना मुलीला सांगा, ह्यातलं एक काहीही वहीत काढ. तिला तासभर पुरतं.

रतनगड चढायचा तर गावातला वाटाड्या घ्या. वरच्या टप्प्यात लोखंडी शिड्या आहेत. आठ वर्षांची मुलगी धीट असेल तरच जा. नसेल तर शिडीपर्यंत जाऊन परत या, कुणी परीक्षा घेत नाही. माथ्यावर कातळात आरपार भोक आहे, त्याला नेढं म्हणतात. तिथे बसलं की वारा टोपी घेऊन जातो. जवळच्या साम्रद गावच्या सांधण दरीत तोंडाशी थोडं आत जाऊन यायला हरकत नाही, पण पाणी किती आहे ते आधी गावात विचारा. पूर्ण उतरायचं म्हटलं तर दोर लागतात, तो हट्ट ह्या खेपेला नको. कळसूबाईही नको. महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर, १६४६ मीटर, हे खरं. पण सुट्टीत शिड्यांवर रांग लागते, आणि रांगेत उभं राहायला डोंबिवली काय वाईट?

आता पहिली दुपार. सगळ्यात अवघड तीच. जेवण झालेलं असतं, बघायचं ते सकाळी बघून झालेलं असतं, ऊन असतं. भाचा ओटीवर पालथा पडून दर दहा मिनिटांनी "किती वाजले?" विचारत होता. माझ्या वहिनीचा जीव कळवळला, ती म्हणाली, काहीतरी खेळ काढूया. मी तिला गप्प बसवलं. दुपार तशीच जाऊ द्या. मुलं चिडतील, एकमेकांना ढकलतील, तुम्हालाही वाटेल की आपण मूर्खपणा केला. साडेचारच्या सुमाराला घरमालकांच्या खळ्यावर भाताची झोडणी सुरू झाली. पेंढी दोन हातांत धरून तिरक्या ठेवलेल्या दगडावर आपटायची, दाणे खाली, पेंढा मागे. तो उठून नुसता बघायला गेला. पाचव्या मिनिटाला त्याच्या हातात पेंढी होती. अंधार पडेपर्यंत आलाच नाही, आणि रात्री अंग खाजतंय म्हणून रडला. पुऱ्या बाह्यांचा शर्ट न्या.

सासूबाईंची काळजी तुम्ही उगाच करताय. पाच गोल खडे त्यांच्यापुढे ठेवा. सागरगोटे खेळलेल्या बायकांचा हात म्हातारपणीही विसरत नाही, आणि नातीला हरवताना त्यांना साडेसात वाजलेले कळणार नाहीत. पत्त्यांचा कॅट न्या. पाच जणांत मेंढीकोट होत नाही, एकाला बसावं लागतं. बदाम सात खेळा.

आणि रात्री आभाळ. तुम्ही निवडलेले दिवस नामी आहेत. दिवाळीची अमावास्या नुकतीच सरलेली, सुरुवातीला कोर तिन्हीसांजेनंतर लवकरच मावळते, मग रोज थोडी उशिरा, आणि ती गेली की सगळा अंधार. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वीसेक मिनिटं लागतात. एकदा कुणी स्क्रीन पेटवली की पुन्हा पहिल्यापासून. विजेरीला लाल जिलेटिनचा कागद गुंडाळा, लाल उजेडाचा त्रास कमी. उत्तरेला तोंड करून हात लांब करा आणि क्षितिजापासून एकावर एक दोन मुठी मोजा. एक मूठ म्हणजे साधारण दहा अंश, आणि ध्रुव आपल्या अक्षांशाइतकाच वर दिसतो, इथे एकोणीस-वीस अंश. तो फार तेजस्वी नाही, पोरं हिरमुसतात, त्याची तयारी ठेवा. साडेआठ-नऊला पूर्वेला कृत्तिकांचा पुंजका, दहाला मृग डोंगराआडून वर. मृगाच्या पोटातला तीन ताऱ्यांचा बाण दाखवा. तो मारणारा व्याधाचा तारा यायला मध्यरात्र होते, त्याच्यासाठी जागायचं की नाही ते घरात मत घेऊन ठरवा. स्वेटर, कानटोपी हवीच, धरणाकाठी गारठा चांगला असतो.

प्रश्न : फोन नाही म्हणजे फोटोही नाहीत? नातेवाइकांना दाखवायचं काय?
— एक आजोबा, सांगली

उत्तर : घरात जुना डिजिटल कॅमेरा पडलेला असेल तर न्या. दिवसाला दहाच फोटो, आणि ते बघायचे घरी आल्यावर. दहाचं बंधन घातलं की माणूस आधी बघतो, मग बटण दाबतो. नातेवाइकांना मात्र चिवडा दाखवा, त्यांना तोच जास्त आवडतो.

प्रश्न : हीच सहल काजव्यांच्या दिवसांत केली तर? मुलांना काजवे बघायचेत.
— एक आई, नाशिक

उत्तर : भंडारदऱ्याला काजवे मेअखेरीपासून जूनच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत, जोराचा पाऊस लागेपर्यंत. सादडा, हिरडा, बेहडा ह्या झाडांवर. अख्खं झाड एका तालात विझतं आणि पेटतं. पण शनिवार-रविवारी जाणार असाल तर जाऊच नका. गाड्यांची रांग, हेडलाइट, फ्लॅश, गाणी. काजव्यांचे नर-मादी एकमेकांना उजेडानेच बोलावतात, आपल्या दिव्यांत त्यांची हाक बुडते. मधल्या वारी जा, वनखात्याच्या नाक्यावर शुल्क भरा, त्यांनी सांगितलेली वेळ पाळा, गाडी लांब लावून दिवे बंद करा आणि चालत जा. मुलांना आधीच सांगून ठेवा, काजवा पकडून बाटलीत घालायचा नाही. मी लहानपणी घातला होता. सकाळी बाटलीत एक मेलेला तपकिरी किडा होता, आणि आजी दिवसभर माझ्याशी बोलली नाही.