पगार आणि कुंपण

प्रश्न : मुलगी जकार्त्याला जॉबला आहे, ती म्हणते तिकडे पगार म्हणजे कुंपण! आपला शब्द तिकडे गेला का तिकडचा इकडे आला? – एक वाचक, सांगली

उत्तर : दोन्ही नाही हो. आपला पगार पोर्तुगीजांकडून आलाय, त्यांच्याकडे ते क्रियापद आहे, पगार म्हणजे पैसे देणं, चुकते करणं, आणि चावी, बटाटा, पाव, घमेलं हीसुद्धा त्यांचीच देणगी. त्याच्याही मागे गेलात तर लॅटिनमधलं पाकारे, म्हणजे शांत करणं, कारण पैसे हातात पडले की घेणेकरी गप्प बसतो (घरमालकाला विचारा!), आणि इंग्रजीतलं पेमेंटवालं पे पण तिथूनच फ्रेंचमार्गे आलंय. इंडोनेशियन, मलयमधला पगार मात्र त्यांचा स्वतःचा, जुना, त्याचा पोर्तुगीजांशी काही संबंध नाही. गंमत म्हणजे जुन्या हिंदीतही पगार म्हणजे तटबंदी, पण तो संस्कृत प्राकारवरून आलेला, म्हणजे तिसरंच खानदान!

आणि मुलीला 'पगार माकान तानामान' ही तिकडची म्हण माहितीये का विचारा, शब्दशः कुंपण पीक खातं, म्हणजे आपलं कुंपणानेच शेत खाल्लं.