"आमच्या घरात कोणी डावरं नव्हतं" म्हणे

तुम्ही विचारलंय की घरचे सगळे म्हणतात तू आजोबांवर गेलास, तोच राग तोच हट्ट, तर असं खरंच रक्तातून येतं का आणि घरातल्या जुन्या गोष्टी ऐकून आपण कोण आहोत ते कळतं का. येतं थोडंफार. पण त्या गोष्टी कोण सांगतंय हे आधी बघा.

मी डावरी आहे. सात वर्षांची असताना गणपतीत मी डाव्या हाताने प्रसाद वाटला आणि काका सगळ्यांसमोर माझ्या आईला म्हणाले, आमच्या घरात कोणी डावरं नाही, हे तुझ्या माहेरचं. आईच्या माहेरी पण कोणी नव्हतं, पण ती बोलली नाही. त्यानंतर दोन वर्षं जेवायला बसले की ती माझ्या डाव्या हाताला रुमाल बांधायची, आणि शाळेत पट्टी खायचे ते वेगळंच.

आमच्या घरात पण सगळे आजोबांवरच गेलेत. आजोबा लालबागला कापडगिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागावर होते, १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला त्यात शेवटपर्यंत राहिले, अडीच लाख कामगार होते त्या संपात आणि तो अधिकृतपणे कधी मागे घेतलाच नाही. काका हे दरवर्षी सांगतात आणि सांगावंच, मला त्याचा अभिमान आहे. पण आजी त्या गोष्टीत नसतेच. आजीची खानावळ होती. दहा बाय बाराच्या खोलीत २२ जण जेवायचे, पाळीप्रमाणे, महिन्याच्या बोलीवर. आधी सावकाराकडून उचल घेऊन किराणा भरायची, मग १९७५ ला प्रेमा पुरव यांनी खानावळवाल्या बायकांसाठी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं तेव्हा कुठे तिला बँकेचं कर्ज मिळालं. संपात जेवणाऱ्यांकडेच पैसे नव्हते, अर्धे गावाला निघून गेले, उरलेल्यांना तिने उधारीवर जेवायला घातलं. म्हणजे आजोबा ज्या संपात टिकले तो संप तिच्या तव्यावर चालला होता, हे माझं स्पष्ट मत आहे.

चाळ रिडेव्हलपमेंटला गेली तेव्हा माळा रिकामा करताना आजीच्या भांड्यांचं गाठोडं निघालं. सगळं मोडीत घालायचं ठरलेलं. त्यात एक लोखंडी उलथणं होतं, कडेला झिजून तिरकं झालेलं. आईचं उलथणं पण झिजलंय पण दुसऱ्या कोपऱ्याला, दोन्ही शेजारी ठेवली तर आरशात बघितल्यासारखं. मी आजीचं डाव्या हातात धरलं आणि ते तव्यावर सपाट बसलं. माझ्या अंगावर काटाच आला.

मग शेजारच्या मावशींना विचारलं, त्या तिच्याबरोबर भाकऱ्या थापायच्या. त्या म्हणाल्या, अगो ती डावरीच होती, पण वाढायची उजव्या हातानं, लोक पैसे देऊन जेवतात, डाव्या हाताने वाढलं तर उठून जातील अशी तिला भीती. म्हणजे जे पानावर बसायचे त्यांनी जन्मभर तिचा उजवाच हात बघितला. काका त्यातलेच. आणि आई लग्न होऊन आली तोपर्यंत आजीला अर्धांगाचा झटका येऊन गेला होता, नेमकी डावी बाजू गेलेली, त्यामुळे आईला कळायचा प्रश्नच नव्हता.

काकांना उलथणं दाखवलं तर म्हणाले, दुसऱ्या कोणाचं तरी असेल.

आता तुमचं. सायन्सच्या बाजूने म्हणाल तर शंभरात साधारण दहा माणसं डावरी असतात, त्यातल्या बहुतेकांचे आईवडील दोघंही उजवे असतात, सेम जीन्स असलेल्या जुळ्यांतसुद्धा एक डावरं आणि एक उजवं निघतं. एकच जीन हे ठरवत नाही, बऱ्याच जीन्सचा थोडा थोडा वाटा असतो. त्यामुळे आजी डावरी म्हणून मी डावरी हे मी सिद्ध करू शकत नाही, हेही कबूल करते. पण मग आईच्या माहेरावर तरी कशाच्या जोरावर ढकललं? रागाचं तर त्याहून कठीण आहे, थोडा जन्माने येत असेल पण घरात कोणाचा राग चालवून घेतला गेला हे बघत पण आपण मोठे होतो. तुमच्या आजोबांचा राग ज्यांनी सोसला त्यांना विचारा, आजी असेल तर तिला, नसेल तर जुन्या शेजारणीला, आणि लवकर विचारा, आमच्या मावशी आता कोणाला ओळखत नाहीत.

उलथणं माझ्याकडे आहे, रोज वापरते. काका, तुम्ही इथलं वाचता मला माहितेय. आई अजून तुमच्यासमोर मला डाव्या हाताने वाढू देत नाही. तिला एकदा फोन करा.