वडोदऱ्यात कॉलेजात जर्मन बी-वन (मधली पातळी) करतेय. मातृभाषा मराठी असल्याचा काही उपयोग होतो का?

होतो, पण विभक्तीला. लिंगाला फारसा नाही. इथेच या लेव्हलला शिकवते, म्हणून सांगते. ‘मला आवडतं’ला जर्मनमध्ये ‘मिर गेफेल्ट’, म्हणजे डाटिव्ह (आपली ‘ला’वाली चतुर्थी) आपल्या तोंडात आधीच बसलेला. लिंगं मराठी-गुजरातीसारखी तीनच, पण वाटणी निराळी: चंद्र तिकडेही बुवा, सूर्य मात्र बाई, ‘डी झोनं’, आणि मुलगी चक्क ‘ते’, ‘डास मेटशेन’! तेव्हा नाम आर्टिकलसकटच, म्हणजे पुढच्या डेर-डी-डाससकटच, पाठ करा. खरी गोची ‘इन’ (मध्ये) सारख्या प्रिपोझिशनशी. ‘शाळेत आहे’, ‘शाळेत जाते’ यांत आपलं ‘शाळेत’ हलत नाही. जर्मनमध्ये ‘इन डेर शूलं’चं ‘इन डी शूलं’ होतं. ‘कुठे आहेस?’ला डाटिव्ह, ‘कुठे चाललीस?’ला अक्युझेटिव्ह, म्हणजे कर्माची द्वितीया.