पहिल्यांदाच गांजासोबत सापडलेल्या धाकट्या भावाला केसऐवजी उपचार मिळू शकतात का?

मिळू शकतात. एनडीपीएस कायद्याचं, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याचं, कलम ६४अ. वकिलाला दाखवा, कारण आमच्या वकिलांनी त्याचा विषयच काढला नव्हता.

माझा भाचा असाच सापडला. रात्री कोल्हापुरात रंकाळ्याच्या काठावर, दोस्तांबरोबर, खिशात दहा-बारा ग्रॅमची पुडी. गांजा १ किलोपर्यंत 'अल्प प्रमाणात' मोडतो, त्यामुळे प्रकरण फार मोठं नव्हतं. पण पोरगं दोन वर्षं रोज ओढत होतं. झोप नाही, जेवणाचा पत्ता नाही, आईच्या पर्समधले पैसे गायब. मी म्हटलं, दवाखान्यात घालूया. दाजी उसळले. "गल्लीत कळालं तर सोयरीक कोण करंल? दंड भरायचा आणि मोकळं व्हायचं." ताई गप्प. वकीलही म्हणाले, कबूल करा, एका तारखेत विषय संपतोय.

कसबा बावड्याच्या कोर्टात पोरानं खाली मान घालून गुन्हा कबूल केला. दंड भरला. येताना दाजींनी सगळ्यांना मिसळ खायला घातली, कुस्ती मारल्यागत. कबुली म्हणजे दोषी ठरणं, हे त्या टेबलावर एकालाही माहीत नव्हतं. मलाही. पुढच्या वर्षी गोकुळ शिरगावच्या एका कारखान्यात त्याची निवड झाली, त्यांनी पोलिसांचा चारित्र्य दाखला मागितला. पोरगं परत तिकडं फिरकलंच नाही. आणि गांजा? तिसऱ्या दिवशी गच्चीवर वास.

दाजी अजून म्हणतात, "कळंब्याच्या जेलात तर गेला न्हाई न्हवं?" अहो दाजी, २००१ साली मुंबईत पकडलेल्या नट फरदीन खानला उपचार घेतल्यावर २०१२ मध्ये ह्याच ६४अ खाली खटल्यातून सूट मिळाली. त्याची सोयरीक कुणी मोडली? व्यसनमुक्तीला जायची लाज आणि कोर्टात कबुली द्यायची लाज नाही, हा कुठला हिशेब!

तर, स्वतःहून उपचार मागायचे, सरकारी किंवा मान्यताप्राप्त ठिकाणी घ्यायचे. अर्धवट सोडले तर सूट काढून घेता येते. दोषी ठरल्यावरसुद्धा कलम ३९ खाली कोर्ट उपचारासाठी सोडू शकतं. हेही आम्हाला निकालानंतर समजलं.

एक राहिलं. 'पहिल्यांदा' या शब्दाला ६४अ मध्ये किंमत नाही, 'व्यसनी' या शब्दाला आहे. भावानं गंमत म्हणून एकदाच ओढला असेल तर हे कलम लागणं अवघड. विकायला ठेवला होता असं पोलिसांनी लिहिलं असेल तर गोष्टच वेगळी. मी वकील नाही, गिरणीवाला आहे.

आधी १४४४६ या व्यसनमुक्तीच्या सरकारी हेल्पलाइनवर फोन करा, फुकट आहे. कोल्हापुरात असाल तर सीपीआर या सरकारी दवाखान्याच्या मानसोपचार विभागात चौकशी करा, केसपेपर काढायला सकाळी लवकर जा. तुमच्या घरात कुणी दाजी असतील तर त्यांना घरीच ठेवा.